थांबायचं कधी, आणि ते सांगायचं कोणी?



वडोदऱ्याच्या आपल्या परिवारातल्या एका ताईंनी मध्यंतरी एक प्रश्न पाठवला. त्यांची लेक आणि जावई कित्येक वर्षं अमेरिकेत आहेत. नातू तिथल्या एका छोट्या कॉलेजात शिकतो आणि कॉलेजच्या बेसबॉल संघात खेळतो. संघाचे कोच चौऱ्याहत्तर वर्षांचे. तीस वर्षं तेच आहेत. गेले तीन हंगाम संघ सारखा हरतोय, म्हणून काही पालकांनी मिळून कॉलेजला पत्र लिहिलंय की आता यांनी थांबावं. ते पत्र सहीसाठी लेकीपुढे आलंय. ताई लिहितात, "आपल्याकडे गुरूला 'तुमचं वय झालं' असं तोंड वर करून कोणी म्हणत नाही. मुलीला काय सांगू? सही कर म्हणू, की नको म्हणू?"

आपल्यातल्या बऱ्याच जणांना बेसबॉल म्हणजे काय हेही नीट ठाऊक नसेल. तरी हा प्रश्न बाजूला सारावासा वाटला नाही. एकतर आपली कितीतरी मुलं-नातवंडं आता तिकडेच वाढताहेत. शिवाय असा एखादा वयस्कर माणूस प्रत्येकाच्या घरात, दुकानात, संस्थेत असतोच. कुठे कुठे तो माणूस आपणच असतो.

आधी तिथली रीत समजून घेऊ. अमेरिकेतला कॉलेजचा कोच म्हणजे आपल्या शाळेतले पीटीचे सर नव्हेत. कोणता मुलगा संघात घ्यायचा हे तो ठरवतो. त्यासाठी उन्हाळाभर गावोगाव शाळकरी मुलांचे सामने बघत हिंडतो. मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसतो आणि म्हणतो, चार वर्षं हा माझ्याकडे द्या. फेब्रुवारीच्या मध्याला हंगाम सुरू होतो. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांत साधारण ५६ सामने, त्यानंतर स्पर्धा. रात्री-बेरात्री बसचे प्रवास. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, चेंडू फेकणाऱ्या पोराचा, म्हणजे पिचरचा, हात दमला की त्याला कधी बदलायचं, सगळं कोचच्या हातात. आणि एक गंमत सांगते. बेसबॉलमध्ये कोचसुद्धा मुलांसारखाच गणवेश घालतो, पाठीवर नंबर, डोक्याला टोपी. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये तसं नसतं. चाळीस वर्षं रोज पोरांचेच कपडे अंगावर चढवणाऱ्या माणसाला आरशात आपलं वय दिसलं नाही, तर नवल करायला नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे सरकारी नोकरीत निवृत्तीची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली असते. अठ्ठावन्न म्हणा, साठ म्हणा. त्या दिवशी शाल, श्रीफळ, दोन भाषणं, आणि माणूस घरी. कोणाला काही ठरवावं लागत नाही. अमेरिकेत १९६७ सालापासून वयावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे. पुढे १९८६ मध्ये वयाची वरची मर्यादाही काढून टाकली. कॉलेजच्या कायम प्राध्यापकांपुरती सूट होती, तीही १९९३ अखेर संपली. म्हणजे केवळ जन्मतारखेकडे बोट दाखवून कोचला घालवता येत नाही. कायदा चांगलाच आहे. हात-पाय धड असलेल्या म्हाताऱ्याला भंगारात काढू नये, हे त्यामागचं शहाणपण आहे. पण त्यामुळे आपल्याकडे जी गोष्ट सरकारी कागद करून टाकतो, ती तिथे माणसाच्या स्वतःच्या सदसद्विवेकावर येऊन पडते. कागद नाही, तारीख नाही. मी थांबलो तरच थांबणार. याचं ओझं केवढं असेल, विचार करा.

या बाबतीत ज्यांचं नाव आधी आठवतं ते म्हणजे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे माइक मार्टिन. १९८० साली ते संघाचे मुख्य कोच झाले, २०१९ पर्यंत राहिले. चाळीस हंगाम. एकूण २०२९ विजय. चाळीसच्या चाळीस हंगामांत किमान ४० सामने जिंकले, आणि दर वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत संघ गेला, एकदाही चुकला नाही. २०१८ च्या मे महिन्यात त्यांनी कॉलेज बेसबॉलमध्ये सर्वात जास्त विजयांचा ऑगी गारिडो यांचा १९७५ चा आकडा मागे टाकला. मैदानालाही त्यांचंच नाव दिलं होतं, ते तिथे काम करत असतानाच.

आता त्यांच्या मनातला काटा. अमेरिकेतल्या कॉलेजांची अंतिम फेरी नेब्रास्का राज्यात ओमाहा या गावी होते. १९५० पासून तिथेच. आठ संघ जातात, एक जिंकतो. मार्टिन यांचा संघ २०१८ पर्यंत सोळा वेळा ओमाहाला गेला, आणि एकदाही विजेता झाला नाही. चाळीस वर्षांत सगळं मिळालं, ते एक सोडून. २०१८ चा शेवटही वाईट झाला. घरच्याच मैदानावर पहिल्या फेरीचे दोन्ही सामने हरून संघ बाहेर पडला. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की आणखी एक हंगाम करणार, २०१९ चा, आणि तो शेवटचा.

इथे मी जरा अडखळते. एका बाजूने वाटतं, किती सुरेख केलं! तारीख स्वतः ठरवली, चारचौघांत सांगितली, विद्यापीठाला पुढची व्यवस्था करायला वर्षभर दिलं. दुसऱ्या बाजूने वाटतं, 'आणखी एक' हे शब्द कोणाचे आहेत? कर्तव्याचे, की त्या राहून गेलेल्या एका विजेतेपदाचे? आपल्याला ययाती ठाऊक आहे. राजाने मुलाकडून तारुण्य उसनं घेतलं, पुरूने दिलंही. पुष्कळ काळ भोगून शेवटी त्याच्या लक्षात आलं की ही आग तुपाने विझत नाही. 'आणखी एक'चा मोह पैशाचा किंवा देहसुखाचाच असतो असं नाही. उत्तम कामाचाही असतो, आणि तो ओळखायला जास्त कठीण, कारण त्याला सेवेचं नाव देता येतं.

शेवटच्या हंगामात मध्येच संघ ढेपाळला होता. स्पर्धेत जेमतेम प्रवेश मिळाला. मग काय झालं कोण जाणे, पोरांनी जॉर्जिया आणि लुइझियाना स्टेट या दोघा यजमानांना त्यांच्याच मैदानांवर हरवलं आणि पंच्याहत्तर वर्षांच्या कोचला सतराव्यांदा ओमाहाला नेलं. पहिला सामना अर्कान्सासविरुद्ध १-० ने जिंकले. मग मिशिगनकडून हरले, टेक्सास टेककडून हरले. संपलं. विजेतेपद मिळालं नाही ते नाहीच.

लोकांना ही गोष्ट फार गोड वाटते. मलाही वाटते. पण त्या पोरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वीस वर्षांचा मुलगा बॅट घेऊन उभा आहे, आणि त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी चाळीस वर्षांच्या अपुऱ्या इच्छेचं ओझं. हंगाम त्याचाही होता. त्याच्यासाठी कदाचित तोच शेवटचा होता. वर्षभर आधी निरोपाची तारीख जाहीर करण्यात हा एक तोटा आहेच, तो नाकारू नये. मुलांचं वर्ष नकळत कोचच्या निरोप-समारंभाचं वर्ष होऊन बसतं.

माझ्या मते या प्रश्नाचं सारं मर्म या हिशेबात आहे. कोचकडे चाळीस हंगाम असतात, मुलाकडे चार. त्यातही जो फार चांगला खेळतो त्याला तिसऱ्या वर्षानंतर व्यावसायिक संघ निवडून नेऊ शकतात, म्हणजे तीनच. कोचचा एक हंगाम वाया गेला तर तो म्हणू शकतो, पुढच्या वर्षी बघू. मुलाचं एक वर्ष गेलं की पाव आयुष्य गेलं, खेळाडू म्हणून. बहुतेक मुलं पुढे कधीच व्यावसायिक खेळणार नसतात. त्यांच्यासाठी ही चार वर्षं हेच अख्खं आयुष्य. म्हणून कोचची जागा ही त्याने कमावलेली जहागीर नाही. दर वर्षी नवी पोरं येतात आणि ती जागा त्याला वापरायला देतात, इतकंच.

मग सत्तरीला सगळ्यांनी उठून जावं का? तसंही नाही. माइक गिलेस्पी यांचं उदाहरण घ्या. ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कोच. १९९८ साली त्यांनी संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. २००६ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, त्यांना तिथून जावं लागलं आणि त्यांच्या जागी आला त्यांचाच जावई. (आपल्याकडे असं झालं असतं तर दिवाळसणाला काय वातावरण असतं, कल्पना करा!) लोकांना वाटलं, झाली यांची कारकीर्द. २००८ च्या हंगामासाठी अर्व्हाइनच्या विद्यापीठाने त्यांना बोलावलं, आणि २०१४ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते त्या संघाला घेऊन ओमाहाला पोचले. तिथे पहिलाच सामना होता टेक्सासशी, आणि टेक्सासचे कोच होते पंच्याहत्तर वर्षांचे ऑगी गारिडो. दोन आजोबा समोरासमोर, दोघेही पोरांच्या गणवेशात. गिलेस्पींचा संघ जिंकला. त्या दिवशी ओमाहाला जाऊन कोणी म्हटलं असतं की सत्तरीनंतर हे काम जमत नाही, तर लोकांनी हसून त्याला बसायला जागा दिली असती.

आणि त्याच गारिडोंचं पुढे काय झालं? पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस. तीन फुलर्टनला, दोन टेक्सासला. २०१६ च्या हंगामात टेक्सासने २५ सामने जिंकले आणि ३२ हरले. त्यांनी कोचपद सोडलं, विद्यापीठाने त्यांना क्रीडा संचालकांचे विशेष सहायक केलं. दोन वर्षांच्या आत, २०१८ च्या मार्चमध्ये ते गेले. दोन वर्षांपूर्वी ओमाहाला होते, दोन वर्षांनी हरत होते. माणूस तोच, अनुभव तोच, वय दोनच वर्षांनी वाढलेलं. म्हणून वयाच्या आकड्याने काही ठरत नाही, आणि एकट्या हार-जितीनेही नाही. हरण्याला शंभर कारणं असतात. एखाद्या वर्षी चांगले पिचर मिळतच नाहीत.

मग कशावरून ओळखायचं?

आपल्याकडे ग्वाल्हेरला गाण्याची परंपरा आहे. तिथल्यांना हे सांगायला नको की गवयाचा आवाज गेला म्हणून गुरू संपत नाही. मैफल थांबते, पण तालीम सुरू राहते. खाटेवर पडल्या पडल्या एक हरकत दुरुस्त करणारे गुरू आपल्या जुन्या मंडळींनी पाहिलेत. शिकवण्याला निवृत्तीचं वय नाही, हे आपण मानतो आणि ते बरोबर आहे. ताईंच्या मनातला गोंधळ इथूनच आलाय. कोचही शिकवतो, म्हणून तो गुरू, आणि गुरूला थांब कसं म्हणायचं?

पण कोचच्या अंगावर दोन कामं एकदम असतात. एक शिकवण्याचं, दुसरं सत्तेचं. खाटेवरचे गुरू कोणाला मैफलीतून उठवत नाहीत. कोच रोज तीस-पस्तीस पोरांपैकी नऊ-दहा जणांना मैदानात पाठवतो आणि बाकीच्यांना बसवतो. पिचरचंच बघा. चेंडू फेकताना कोपराच्या एका स्नायुबंधावर भयंकर ताण येतो. तो तुटला तर शस्त्रक्रिया करावी लागते. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या खेळाडूवर ती पहिल्यांदा झाली म्हणून तिला त्याचंच नाव पडलंय. नंतर वर्षभर किंवा जास्त काळ खेळणं बंद. सातव्या-आठव्या डावात पोराचा हात दमलाय हे ओळखायचं, पोरगा 'मी ठीक आहे सर' म्हणत असताना ओळखायचं, आणि तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा. पोरगा ठीक आहे असंच म्हणणार, वीस वर्षांचा आहे तो. ही नजर आणि हा झटपटपणा शाबूत आहे का, हा खरा प्रश्न. ज्ञान शाबूत असतंच. ते कधी कधी वाढलेलंही असतं.

आता अडचण अशी की ही नजर कमी होतेय, हे ज्याची कमी होते त्याला सगळ्यात शेवटी कळतं. मग कोणी सांगायचं? सहायक कोच रोज बरोबर असतात, त्यांना दिसतं. पण तिथे रिवाज असा की मुख्य कोच गेला की नवा येणारा बहुतेक वेळा आपली माणसं आणतो. म्हणजे खरं सांगितलं तर सांगणाऱ्याचीच नोकरी जाण्याची भीती. मुलं बोलणार नाहीत, त्यांना खेळायचं असतं. जुने विद्यार्थी तर भक्तच. ते वर्षातून एकदा भेटायला येतात, पाया पडावं तसं वाकतात, आणि 'कोच, तुम्ही अजून तसेच दिसता' म्हणून निघून जातात. माणूस जितका मोठा आणि जितका प्रेमळ, तितकं त्याच्याभोवतीचं मौन घट्ट. हे आपल्याला परकं नाही. आपल्या संस्थांत, मंडळांत, सत्संगांतही हेच होतं. आपण त्याला आदर म्हणतो.

ज्याला चांगलं संपवायचंय त्याने साठीतच, अंगात ताकद असताना, एका-दोघांना हाताला धरून सांगून ठेवावं की माझं चुकायला लागलं की तू मला सांगायचंस, आणि मी रागावलो तरी सांगायचंस. आणि त्या माणसाची नोकरी आपल्यावर अवलंबून नसावी. हे न करता सत्तरीनंतर 'मला कोणी सांगितलंच नाही' म्हणणं, म्हणजे दार आतून लावून घेऊन कोणी येत नाही म्हणून रुसणं.

नाही सांगितलं तर काय होतं तेही बघू. विचिटा स्टेटचे जीन स्टीफनसन. त्या विद्यापीठात बेसबॉल बंद पडला होता. १९७८ मध्ये त्यांनी तो जवळजवळ शून्यातून उभा केला. ३६ हंगाम, १८३७ विजय, १९८९ चं राष्ट्रीय विजेतेपद. २०१३ मध्ये विद्यापीठाने त्यांना काढलं. संस्थेला तो अधिकार होता, कदाचित कारणंही असतील. पण ज्याने भिंत बांधली त्यालाच दाराबाहेर उभं करायचं, ही वेळ दोन्ही बाजूंनी न बोलल्यामुळे येते. शेवटी बोलायचं ते करार बोलतो.

ताईंच्या लेकीपुढच्या पत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पत्रात काय लिहिलंय ते आधी नीट वाचावं. 'संघ हरतो' एवढंच असेल तर सही करू नये. छोट्या कॉलेजांत, तिथल्या तिसऱ्या श्रेणीत, खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा नसते. मुलं तिथे खेळाच्या प्रेमापायी असतात. आणि हरण्याची लाज वाटणारे पालक हे मुलांपेक्षा स्वतःसाठी जास्त लिहीत असतात. पण मुलांच्या हातांकडे लक्ष नाही, दुखापत झालेल्याला खेळवलं जातं, कोच नावं विसरतात आणि मग चिडतात, असं काही प्रत्यक्ष घडत असेल, तर गप्प बसणं हा कसला आदर? तेव्हा सही करावी, आणि सही करण्याआधी लेकीने आणि जावयाने कोचना स्वतः भेटून, बसून, नम्रपणे हे सांगावं. पाठीमागे पत्र धाडायचं आणि मैदानावर हसून हात मिळवायचा, हे आपल्या घरचं वळण नाही. नातू एकोणीस-वीस वर्षांचा आहे, त्यालाही बरोबर न्यावं. कोचनी तीस वर्षांत पोरांना समोरून येणाऱ्या चेंडूला डोळे मिटायचे नाहीत हेच शिकवलं असणार.

आणि कोचनी स्वतः काय करावं, असं विचाराल तर माझ्या मते त्यांनी थांबावं. चौऱ्याहत्तर म्हणून थांबावं असं नाही. अलीकडच्या काही वर्षांत तिथला खेळ फार बदललाय. मुलांना आता एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जाता येतं. २०२१ च्या जुलैपासून त्यांना आपल्या नावा-चेहऱ्यावर पैसेही मिळवता येतात. प्रत्येक चेंडूचा वेग आणि फिरकी यंत्रं मोजतात. जुन्या कोचना हा सगळा बाजार वाटतो, आणि थोडाफार तो आहेच. ज्याला या नव्या जगाशी रोज भांडण्यातच आपली ताकद घालवावी लागते, त्याच्याकडे पोरांना द्यायला संध्याकाळी काय उरतं? ज्याला अजून कुतूहल आहे, जो नवं यंत्र बघून पोरालाच विचारतो 'हे काय आहे, मला दाखव', त्याला मी ऐंशीपर्यंत राहा म्हणेन. तीन हंगाम हरूनही ज्याने काहीच बदललं नाही, त्याला नाही म्हणणार.

थांबण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवं, कारण चांगली माणसं इथेच फसतात. मार्टिन यांच्यानंतर कोण आलं? त्यांचाच मुलगा. बापाच्या हाताखाली खेळलेला, मग वीसपेक्षा जास्त वर्षं त्यांचाच सहायक. लायक नव्हता असं कोणी म्हणणार नाही. पण चाळीस वर्षांच्या सावलीत उभं राहायचं, आणि सावली बापाची! २०२० चा हंगाम महामारीने अर्ध्यावर बंद पडला. मग दोन हंगाम, आणि २०२२ मध्ये विद्यापीठाने त्यालाही काढलं. आपल्याकडे पेढी मुलाकडे जाते, गादी मुलाकडे जाते, त्यामुळे आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. पण सोडताना मुलाच्या रूपाने धरून ठेवणं, हेही पुष्कळदा धरणंच असतं. त्यात पोळतो तो मुलगा.

लुइझियाना स्टेटचे स्किप बर्टमन यांनी वेगळं केलं. पाच विजेतेपदं मिळवून २००१ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, कोचपद सोडलं. लवकर सोडलं, कौतुकच आहे. पण सोडून त्याच विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले. त्यांच्या जागी आलेला त्यांचा जुना सहायक वरच्या मजल्यावर त्यांनाच बसलेलं बघत काम करत राहिला आणि पाच वर्षांत गेला. वानप्रस्थाला गावाबाहेर जायला सांगितलं होतं, ते उगाच नाही. माडीवर खोली घेऊन वानप्रस्थ होत नाही.

याउलट सदर्न कॅलिफोर्नियाचे रॉड डीडो. १९४२ पासून १९८६ पर्यंत कोच. अकरा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली पाच १९७० ते १९७४ ओळीने. स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा होता, म्हणून विद्यापीठाकडून नाममात्र पगार घेत, वर्षाला एक डॉलर. पैशासाठी तो माणूस तिथे नव्हता, हे उघड आहे. तरीसुद्धा शेवटचं विजेतेपद १९७८ चं, आणि ते थांबले १९८६ मध्ये, बहात्तराव्या वर्षी. मधली आठ वर्षं संघ पूर्वीसारखा राहिला नव्हता. मार्क मॅकग्वायर, रँडी जॉन्सन यांच्यासारखी पुढे जगभर गाजलेली पोरं त्याच पडत्या काळात त्यांच्याकडे होती, म्हणजे रत्न पारखण्याची नजर गेलेली नव्हती. गेलं होतं ते दुसरंच काहीतरी. पगार नको, कीर्ती पुरेशी, धंदा चालू, तरी आठ वर्षं पाय निघेना. मग ज्याला पगाराची गरज आहे, घरी गेल्यावर ज्याला दुसरं काहीच नाही, त्याचा पाय कसा निघावा? कोचला 'सोडा' म्हणणाऱ्या पालकांनी हेही मनात आणावं. तीस वर्षं दुपारी तीन वाजता जो मैदानावर गेला, त्याला पुढच्या फेब्रुवारीत तीन वाजता कुठे बसायचं, हे कोणी विचारलंय का? कॉलेजने विचारलं पाहिजे. जुन्या विद्यार्थ्यांनी विचारलं पाहिजे. आठवड्यातून एकदा लहान मुलांना चेंडू अडवायला शिकवायला बोलवा, पिचरांशी नुसतं बोलायला बोलवा. नंबर पाठीवरून उतरवलात, तर माणूस तरी पोरांमध्ये राहू द्या. डीडो त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं जगले, २००६ च्या जानेवारीपर्यंत, आणि मैदानाला त्यांचं नाव होतंच.

मार्टिन यांना एवढा काळ मिळाला नाही. शेवटची काही वर्षं त्यांना स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराने घेरलं. २०२४ च्या १ फेब्रुवारीला ते गेले, ऐंशीला थोडेच दिवस राहिले असताना. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ पुन्हा ओमाहाला गेला, तिसऱ्याच कोचबरोबर.